शनिवार तेल्यांचं कीर्तन

आपला जिल्हा नर्सीच्या नामदेवांचा. कीर्तन म्हणजे काय, हे आखाडा बाळापूरच्या बाईला कोणी सांगावं लागत नाही. पण यहुदी लोकांचं मराठी कीर्तन ऐकलंय का? आज आम्ही त्याचीच गोष्ट सांगणार आहोत.

कोकणात रायगडच्या गावांमध्ये बेने इस्राएल नावाचे यहुदी पिढ्यान्‌पिढ्या राहिले. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर. घरात मराठी, प्रार्थना मात्र हिब्रू भाषेत; ती सगळ्यांना कळत नसे. मग 1880 च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठी कीर्तन सुरू केलं. आख्यान अब्राहाम, योसेफ, मोशे यांचं. बाज आपल्याच कीर्तनाचा.

शेजाऱ्याची चाल आपल्या देवाच्या गाण्याला चालते का? हा प्रश्न त्याआधीही एकानं सोडवला होता. इटलीतल्या मांतुआ शहरात सालोमोने रोस्सी हा यहुदी वादक दरबारी होता. यरुशलेमचं मंदिर पाडलं गेलं, त्याच्या शोकात प्रार्थनाघरात वाद्यं वाजत नसत. अनेक आवाजांचं गाणंही बऱ्याच जाणत्यांना रुचत नसे. रोस्सीनं हिब्रू प्रार्थनांना तशाच चाली लावल्या. तीन ते आठ आवाज, प्रत्येकाची वाट वेगळी, पण सगळे मिळून गाणं एक. लिओने मोदेना या धर्मगुरूंनी त्याची बाजू घेतली. 1623 च्या सुमारास व्हेनिसमध्ये त्या 33 गाण्यांचं पुस्तक छापलं गेलं.

1630 मध्ये फौजांनी मांतुआ लुटलं, यहुदी वस्ती उठली. गाणी दोनशेहून जास्त वर्षं मुकी राहिली. पण पुस्तक होतं, म्हणून एकोणिसाव्या शतकात ती पॅरिसमध्ये पुन्हा छापली गेली. आज ती जगभर गातात.

रोस्सीची बहीण युरोपा. तीही त्याच दरबारात गायची, नावाजलेली गायिका. तिचं नाव तेवढं उरलं, गाणं उरलं नाही.

इथं आम्ही थांबलो. मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातली एक आजी गेली. जात्यावर बसली की पायलीभर दळण होईपर्यंत तिच्या ओव्या सरत नसत. आता आम्ही सगळ्या मिळून आठवतो, तर चारच येतात.

बेने इस्राएलांपैकी बहुतेक जण 1948 नंतर इस्राएल देशात गेले. तिथंही त्यांच्या बायका मराठी कीर्तन गातात. गाव सुटलं, गाणं सोडलं नाही. आपण तर गावातच आहोत.

तेव्हा बायांनो, पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीसोबत एक कोरी वही आणा. ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहावं, ज्यांना ओव्या येतात त्यांनी सांगाव्या. आणि ओवीखाली सांगणारीचं नाव लिहायला विसरू नका.