मालमोटारींचे चित्रपट आणि त्यांतील बंदूक

मालमोटारी हांकणाऱ्या चालकांवर अमेरिकेंत निघालेले चित्रपट केवळ धांगडधिंग्याचे म्हणून सोडून दिले जातात. परंतु त्यांत शस्त्र कोणाच्या हातीं दिलें आहे, इकडे लक्ष पुरविल्यास त्यांच्यामागील इतिहास उघडा पडतो, असें आम्हांस वाटतें.

सन १९७३ च्या अखेरीस तेथें तेलाची टंचाई झाली. इंधन महागलें, आणि १९७४ च्या आरंभीं ताशीं ५५ मैलांची वेगमर्यादा देशभर लागू करणारा कायदा झाला. जितक्या फेऱ्या तितकी कमाई, अशी ज्यांची स्थिति, त्या स्वतंत्र चालकांचें कंबरडें मोडलें. फेब्रुवारी १९७४ च्या संपांत हमरस्त्यांवर खरोखरच गोळ्या सुटल्या, प्राणहानि झाली, आणि कित्येक घटक-राज्यांत 'नॅशनल गार्ड'चे सैनिक आणावे लागले.

पुढील वर्षींच 'व्हाइट लाइन फीव्हर' हा चित्रपट आला. व्हिएतनामहून परतलेला त्याचा नायक चोरटा माल वाहण्याचें नाकारतो, आणि जिवावर बेततांच छर्ऱ्यांची बंदूक उचलतो. १९७८ च्या सॅम पेकिनपाकृत 'कॉन्व्हॉय'मध्यें मात्र पारडें फिरलें आहे. कैदेंतील सोबत्यास सोडविण्यासाठीं चालक तुरुंग पाडतात तो मोटारींच्या धडकांनीं. शेवटीं पुलावर मशीनगन चालवितो तो कायद्याचा रक्षक शेरीफ! याच दिग्दर्शकानें १९६९ च्या 'द वाइल्ड बंच'मध्यें मशीनगन दरोडेखोरांच्या हातीं दिली होती. तेथें कथा १९१३ ची आणि ब्राउनिंगची तोफ १९१७ च्या नमुन्याची, हा कालविपर्यास जाणत्यांनीं हेरलाच आहे. पण आम्हांस तो हातांचा पालट अधिक बोलका वाटतो.

पडद्यावरील बार अर्थात् खोटा असतो. त्या काडतुसांत दारू असते, गोळी नसते. गोळीच्या अभावीं नळींत पुरेसा दाब सांचत नाहीं, आणि त्या दाबावांचून मशीनगनचा पुढील बार आपोआप भरत नाहीं. म्हणून नळीचें तोंड मुद्दाम अरुंद करावें लागतें.

प्रेक्षकांना दिसतो तो केवळ जाळ व धूर. परंतु त्यांपैकीं ज्यांनीं चारच वर्षांपूर्वीं त्या रस्त्यांवरून माल वाहिला होता, त्यांना पुलावरील तो देखावा निव्वळ कल्पनेचा खेळ वाटला असेल, असें आम्हांस म्हणवत नाहीं.