नुसते ओठ हलव!

परवा खडकवासल्याला बहिणीकडे होतो. सकाळी चौपाटीकडे फिरायला निघालो, तर एका शाळेतून प्रार्थना ऐकू आली. पेटी, ढोलकी आणि पोरांचा गलका... निम्मी बेसूर, पण काय मोकळी गात होती!

मला तिसरीत संमेलनाच्या वेळी बाईंनी सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." (शाळा कुठली ते विचारू नका!) त्यानंतर चारचौघांत मी कधी गायलोच नाही.

गाणं एकेकाळी गुरूच्या मर्जीवर होतं. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. स्वरलिपी, अभ्यासक्रम, परीक्षा... गाणं वर्गात आलं, कोणालाही शिकता येईल असं. त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यातही विद्यालय सुरू केलं. केवढं मोठं काम! पण वर्ग आला तशी निवडही आली. संमेलनात दहा जण गाणार, बाकीचे टाळ्या वाजवणार.

असो. त्या प्रार्थनेचं शेवटचं कडवं मला पाठ होतं. कुंपणाबाहेर उभा राहून म्हटलं. चांगलं आवाज काढून.