कुपी आणि गाळणी

नरकचतुर्दशीच्या उटण्याची पूड आमच्या घरी वस्त्रगाळ करण्याचा रिवाज होता. एखादा जाडसर कण राहिला तर अंगाला ओरखडा उठेल, म्हणून आई ती मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळून घेई. जी वस्तू नुसती अंगाला चोळायची, तिची एवढी काळजी. मग जी थेट रक्तात सोडायची, तिची किती घ्यावी? हा प्रश्न मला पडला तो परिचारिकेच्या नोकरीत कित्येक वर्षे काढल्यानंतर.

शिरेतून औषध देण्याची कल्पना तशी जुनी आहे. लंडनचे सेंट पॉल मंदिर पुढे ज्याने बांधले त्या ख्रिस्तोफर रेनने १६५६ च्या सुमारास ऑक्सफर्डला पिसाच्या नळीने कुत्र्याच्या शिरेत अफूचे द्रावण सोडले होते. १८३२ च्या पटकीत स्कॉटलंडमधील डॉ. थॉमस लाट्टा यांनी मरणाच्या दारातल्या रोग्यांना शिरेतून मिठाचे पाणी दिले. १८५३ साली पोकळ सुईची पिचकारी आली. पण औषध मोठ्या बाटलीत भरून ठेवले की त्यात बुरशी धरे. त्यावर पॅरिसचा औषधविक्रेता लिमुझँ याने १८८६ साली तोड काढली : एका वेळेपुरते औषध काचेच्या इवल्याशा कुपीत भरायचे आणि तिचे तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचे. हीच आपली अँप्यूल. जंतूंना शिरकाव करायला तिला फटच नाही.

मात्र औषध बाहेर काढायचे तर तिची मान मोडल्यावाचून गत्यंतर नाही. कानशीने ओरखडा पाडायचा, कापसात धरायची आणि टचकन मोडायची. दिवसाकाठी मी अशा कितीतरी कुप्या मोडल्या आणि त्या सफाईचा मला अभिमानही होता. एकदा एका शिकाऊ मुलीने विचारले, "सिस्टर, मोडताना काचेचा चुरा उडतो, तो आत नाही का पडत?" मी कुपी उजेडाकडे धरली. औषध निर्मळ दिसत होते. "बघ, काही आहे का?" असे म्हणून मी तिला गप्प केले.

ती मुलगी बरोबर होती, हे मला पुढे वाचनातून कळले. १९६३ आणि १९६४ साली गार्व्हन आणि गनर या ऑस्ट्रेलियातील दोघांनी सलाईनमधील सूक्ष्म कणांकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले. तसे द्रावण दिलेल्या सशांच्या फुप्फुसांत कणांभोवती गाठी धरलेल्या त्यांना आढळल्या. फुप्फुसेच का? तर शिरेतले रक्त हृदयातून आधी तिथेच जाते आणि तिथल्या केशवाहिन्या हीच त्याच्या वाटेवरची पहिली चाळण. १९७२ साली टर्को आणि डेव्हिस या अमेरिकन संशोधकांनी इंजेक्शनच्या औषधांतील काचेच्या कणांविषयी लिहिले. हे कण बहुधा इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसतच नाहीत. उजेडाकडे धरून मी जी परीक्षा घेतली होती, ती परीक्षाच नव्हती!

यावरचा उपाय आईच्या फडक्याइतकाच साधा आहे. फिल्टर नीडल म्हणजे बुडाशी गाळणी बसवलेली सुई. तिची छिद्रे साधारण पाच मायक्रॉनची, म्हणजे तांबड्या रक्तपेशीहूनही लहान. कुपीतले औषध तिने ओढून घ्यायचे. मग ती सुई काढून टाकायची आणि दुसरी, नवी सुई लावून औषध टोचायचे. त्याच सुईने टोचले तर गाळणीवर अडकलेला चुरा उलट रोग्याच्याच अंगात जाईल. चाळणीतला कोंडा पुन्हा पिठात ओतण्यासारखेच ते!

एखाद्या इंजेक्शनने रोग्याला लगेच काही होताना दिसत नाही. म्हणूनच हा दोष इतकी वर्षे नजरेआड राहिला. पण महिना महिना शिरेवाटे औषधे घेणारा रोगी किंवा अपुऱ्या दिवसांचे मूल यांच्या वाट्याला असे कण पुन्हा पुन्हा येतात. माझ्या हातून गेलेल्या कुप्या आता परत येणार नाहीत. त्या मुलीला मात्र मी शोधून काढले. ती तोवर मोठ्या वॉर्डची सिस्टर झाली होती. मी म्हटले, "तेव्हा तुझंच खरं होतं."

ती हसून म्हणाली, "सिस्टर, आमच्या वॉर्डात आता गाळूनच घेतात."

यंदा उटणे चाळताना तिची फार आठवण आली.