सुजेखाली हरवलेला स्नायू

आयसीयूतून घरी आलेल्या माणसाला तुम्ही पाहिलंय? आजार बरा झालेला असतो, पण खुर्चीतून उठताना पाय थरथरतात. ‘जरा जोर लाव’ असं आपण सहज म्हणतो. पण जोर लावायला स्नायू उरलाय का, हे पूर्वी मोजायचं कसं? अंगावर सूज असते. वजनकाटा त्या पाण्याचंही वजन दाखवतो आणि मांडीभोवती टेप लावली तर सूजही मोजली जाते.

वाट दुसरीकडून सापडली. १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ‘लॅन्सेट’मध्ये पोटातल्या गाठींची आणि गर्भाची अल्ट्रासाऊंड चित्रं छापली. १९६८ मध्ये जपानच्या इकाई आणि फुकुनागा यांनी याच तंत्राने निरोगी लोकांच्या दंडातल्या स्नायूचं क्षेत्रफळ मोजलं आणि त्याची ताकदीशी सांगड घातली. पुढे १९९५ मध्ये ब्रिटनच्या कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सूज असली तरी स्नायूची घटती जाडी अल्ट्रासाऊंडवर कळते.

मग २०१३ मध्ये पुथुचेरी आणि सहकाऱ्यांचा ‘जामा’मधला शोधनिबंध आला. ब्रिटनमधल्या ६३ रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू त्यांनी पुन्हापुन्हा मोजला. दहा दिवसांत त्याचं क्षेत्रफळ सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटलं होतं. एकाहून जास्त अवयव निकामी झालेल्यांमध्ये घट आणखी मोठी होती.

म्हणजे झीज डिस्चार्जनंतर नाही, पहिल्याच आठवड्यात सुरू होते. अल्ट्रासाऊंड ती थांबवत नाही, फक्त दाखवतो. पण एकदा दिसली, की त्या थरथरणाऱ्या पायांना आळशी म्हणता येत नाही.