दादीची दोन मते

आमच्या घरात निवडणुकीचा विषय निघाला की दादीच्या मतांची गोष्ट निघायचीच. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची ही गोष्ट. दादा सोलापूरच्या गिरणीत कामाला होते. इंग्रजांच्या काळात मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी असल्याने दोघांचीही नावे मतदारयादीत कधी आली नव्हती. आता आली. बोटाला शाई लावून दोघे बाहेर पडले आणि दादांनी विचारले, "दोनो डाली?" दादी म्हणाली, "हौ, डाली." "कौनसी कौनसी पेटी में?" "एकच में." दादांनी कपाळावर हात मारला. "एक तो गया तेरा!"

लहानपणी आम्ही हसायचो. दादी अडाणी, तिला कळले नाही, एवढाच अर्थ आम्ही घेतला. पुढे बी.ए.ला इतिहास वाचताना लक्षात आले की त्या दोन कागदांमागे मोठे राजकारण होते.

तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह. आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. सोलापूर लोकसभेचा मतदारसंघ मात्र द्विसदस्य होता. देशात असे ८६ मतदारसंघ होते. खासदार दोन, त्यांतली एक जागा राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. अट एकच : दोन्ही मते एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. दिली तर एक मोजायचे, दुसरे बाद. दादीचे तेच झाले.

गंमत अशी की १९३७ साली मुंबई प्रांतात याच्या उलट नियम होता. जितक्या जागा तितकी मते, आणि मतदाराने ती सगळी एकाच उमेदवाराच्या पदरात टाकली तरी चालत. थोड्या लोकांनी एकगठ्ठा मते दिली तर त्यांचा माणूस निवडून येऊ शकतो, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखले होते. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्या निवडणुकीत लढवलेल्या बहुतेक जागा जिंकल्या. म्हणजे दादीने केले ते त्या वेळी चूक ठरले नसते. अर्थात त्या वेळी तिला मत असते, तर ते या पेट्यांत पडलेच नसते. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांपासून मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे होते. मुसलमान मतदार, मुसलमान उमेदवार. १९४६ पर्यंत हेच चालले.

या वेगळ्या मतदारसंघांविषयी आमच्याकडे आजही कोणी हळहळून बोलते, कोणी चिडून. मला त्यातली एक साधी गोष्ट खटकते. त्या पद्धतीत हिंदू उमेदवाराला आमच्या मोहल्ल्यात यायचे कारण नव्हते, आणि मुसलमान उमेदवाराला शेजारच्या पद्मशाली वस्तीत जायचे. गिरणीचा भोंगा सगळ्यांना एकच, मत तेवढे वेगळे. संविधान सभेने ही पद्धत मोडली. मे १९४९ मध्ये धर्माच्या आधारावरच्या राखीव जागाही नकोत असे ठरले, आणि ते ठामपणे मांडणाऱ्यांत बेगम एजाज रसूल होत्या. त्याची किंमतही आहे, ती मी झाकत नाही. सोलापुरातून आजवर एकही मुसलमान खासदार झालेला नाही. तरी उमेदवार आमच्या दारात येतो आणि हात जोडतो. त्या हात जोडण्यात खरे किती नि खोटे किती, हा प्रश्न निराळा.

आता १९५२ चा निकाल पाहा. एकच नियम, एकच निवडणूक, दोन शहरे. मुंबई शहर उत्तर हाही द्विसदस्य मतदारसंघ. तिथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाबासाहेब आणि समाजवादी अशोक मेहता यांची जोडी होती. बाबासाहेब राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी हरले. तिथे सत्तर हजारांवर मते बाद झाली होती. दुसरे मत मुद्दाम वाया घालवण्याचा प्रचार कम्युनिस्टांनी केला, असा आंबेडकर-मेहतांचा आरोप होता. त्यांनी निवडणूक अर्ज केला, तो फेटाळला गेला. संविधानाच्या शिल्पकाराला आपल्याच देशाच्या पहिल्या लोकसभेत निवडून जाता आले नाही.

आणि सोलापुरात? देशात काँग्रेसने ४५ टक्के मतांवर ४८९ पैकी ३६४ जागा मिळवल्या, त्या लाटेत सोलापूरच्या दोन्ही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आले आणि राखीव जागेवर फेडरेशनचे पां. ना. राजभोज. पहिल्या लोकसभेत फेडरेशनचे दोनच खासदार होते, एक हैदराबाद राज्यातल्या करीमनगरचे आणि दुसरे आमचे. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत राजभोजही होते. राखीव जागा, पण मतदान सगळ्यांचे, हे त्या कराराचे सूत्र. त्याच सूत्रावर ते वीस वर्षांनी सोलापुरातून निवडून आले. मुंबईच्या पराभवावर पुष्कळ लिहिले गेले, सोलापूरच्या या निकालावर मी तरी फार कमी वाचले आहे.

या पद्धतीचे मला वाटणारे मोल असे, की पहिला कागद आपल्या माणसाच्या पेटीत टाकल्यावर हातात दुसरा उरायचा. तो कोणाला, याचा विचार करावाच लागे. आपल्या माणसाच्या शेजारी कोणाला बसवायचे? शेराची पहिली ओळ जमली तरी दुसरीसाठी थांबावे लागते, तसे काहीसे.

पण ती टिकली नाही. मतदारसंघ अवाढव्य, खर्च दुप्पट, मतदारांचा गोंधळ. त्यात आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये १९५७ साली राखीव जागा भरल्यावर सर्वसाधारण जागाही आदिवासी उमेदवारालाच मिळाली आणि व्ही. व्ही. गिरी हरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आदिवासी उमेदवाराने खुली जागा जिंकणे कायद्याने योग्यच, असा निकाल लागला, पण अनेकांना ते पचले नाही. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ मोडले. १९६२ पासून सोलापूरला एक खासदार, मतदाराला एक मत. पुढे बरीच वर्षे जिल्ह्यात पंढरपूर राखीव आणि सोलापूर खुले अशी वाटणी राहिली. २००९ पासून पंढरपूर गेले, माढा आले, सोलापूर राखीव झाले. मधल्या काळात, १९९८ आणि १९९९ साली, सुशीलकुमार शिंदे खुल्या सोलापुरातून निवडून आले होते, हे मात्र विसरू नये.

एका मताचे गणित किती निर्दय असते ते २०१९ मध्ये दिसले. विजयी उमेदवाराला सव्वापाच लाखांच्या आसपास मते, सुशीलकुमार शिंदे यांना ३ लाख ६६ हजार, आणि बाबासाहेबांचे नातू प्रकाश आंबेडकर यांना १ लाख ७० हजार. हरलेल्या दोघांची बेरीज विजेत्याच्या पुढे जाते. अशी बेरीज करू नये हे मला कळते, मते म्हणजे काही सुताचे गठ्ठे नव्हेत, एकाच्या गोदामातून दुसऱ्याच्या गोदामात हलवता येत नाहीत. पण मतदाराच्या हातात दुसरा कागद असता तर त्याने तो कोणाला दिला असता, हे विचारायची सोयच या पद्धतीत नाही.

महापालिकेला मात्र अनेक मते परत आली. २०१७ मध्ये चार सदस्यांच्या प्रभागात मी एकापाठोपाठ एक बटणे दाबली. तिथे जागा अ, ब, क, ड अशा वेगवेगळ्या, त्यामुळे एकाच उमेदवाराला दोनदा मत देण्याचा प्रश्नच येत नाही. तिसऱ्या बटणाला मी जरा थांबलो, त्या जागेचा एकही उमेदवार मला माहीत नव्हता. मागे रांगेत कोणीतरी खाकरले.

घरी येताना दादी आठवली. तिला हिशेब कळत नव्हता असे मी आता म्हणणार नाही. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. त्याच्या आधी एकदा मी तिला खोदून विचारले होते, दोन्ही कागद कोणत्या पेटीत टाकलेस? चिन्ह कोणते होते? हत्ती? बैलजोडी? ती पान लावत होती. म्हणाली, "पडदा काय के वास्ते लगाए थे फिर?"