लेथवरचा दगड आणि लेथवरचा हस्तिदंत



कर्नाटकात हळेबीडला जाणाऱ्या बहुतेक जणी होयसळेश्वराचं मंदिर बघतात आणि गाडीत बसून बेलूरला निघतात. तिथून जवळच आपल्या तीन बसदी आहेत, त्या पुष्कळदा बघायच्या राहून जातात. त्यातली पार्श्वनाथ बसदी 1133 सालची. होयसळ राजा विष्णुवर्धनाचे सेनापती गंगराज हे मोठे जिनभक्त होते. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा बोप्पदेव याने वडिलांच्या स्मरणार्थ ती बांधली. आत सुमारे 18 फूट उंचीची पार्श्वनाथ भगवंतांची उभी मूर्ती आहे. दर्शन घेऊन मागे वळलं की नजर खांबांवर थांबते. काळे, गोल आणि इतके गुळगुळीत, की जवळ उभं राहिल्यावर त्यात आपलंच प्रतिबिंब दिसतं.

हे खांब लेथवर कातलेले आहेत. लेथ म्हणजे कातारी लोकांचं यंत्र. आपलं लाटणं, पाळण्याचे कातीव खांब, मुलांचे भोवरे, सगळं त्यावरच होतं. त्यात वस्तू स्वतःभोवती फिरते आणि हत्यार एका जागी धरून तिला आकार देतात. हळेबीडचे कारागीर असे लाकूड नव्हे, दगड फिरवत होते. खांब नीट बघितला तर ते कळतं. तळाचा भाग चौकोनी ठेवलेला असतो, कारण चौकोन फिरवून होत नाही. त्याच्यावर घंटेसारखा फुगीर भाग, मग खोल खाचा, मग बारीक कडी, आणि ही सगळी वर्तुळं एकाच मध्याभोवती बसलेली. नुसत्या छिन्नीने हा सारखेपणा येणं फार अवघड.

दगड लेथवर कातता आला, कारण तो वेगळा होता. आपल्याकडचा काळा कातळ फार कठीण. हळेबीडचा दगड हिरवट-काळा आणि मऊ, ज्याला इंग्रजीत सोपस्टोन म्हणतात. आपण ज्याला शंखजिरे म्हणतो, त्याच्याच नात्यातला. खाणीतून नुकता काढला की तो सहज कातला जातो आणि हवेत राहिला की घट्ट होत जातो. दक्षिणेत याच जातीच्या दगडाची भांडी स्वयंपाकाला वापरतात. तमिळमध्ये त्यांना कलचट्टी म्हणतात, आणि त्यांच्यात आमटी बराच वेळ गरम राहते.

या दगडाच्या इतिहासात एका श्राविकेचं नाव येतं, ते आपण विसरू नये. गदगजवळच्या लक्कुंडी गावात अत्तिमब्बे हिने 1007 साली ब्रह्मजिनालय बांधलं. त्याआधी चालुक्यांची मंदिरं मुख्यतः वालुकाश्माची असत. या बारीक पोताच्या मऊ दगडात बांधलेल्या सुरुवातीच्या मंदिरांमध्ये लक्कुंडीच्या या जिनालयाची गणना होते. पुढे दोनशे-अडीचशे वर्षं चालुक्य आणि होयसळ कारागिरांनी याच दगडातून कातीव खांब उभे केले. अत्तिमब्बेला लोक दानचिंतामणी म्हणत. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती तिने लिहवून घेऊन वाटल्या.

आता दुसरी गोष्ट, जी सांगायला जरा जड जाते.

लेथवर दगडाप्रमाणे हस्तिदंतही फिरत होता, आणि तो स्त्रियांसाठी फिरत होता. राजस्थान आणि गुजरातेत लग्नात हस्तिदंती चुडा भरायची रीत होती. हत्तीचा सुळा मुळाकडे पोकळ असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. कारागीर त्याच्या आडव्या चकत्या कापत आणि लेथवर आतून-बाहेरून कातून त्यांच्या बांगड्या करत. सुळा निमुळता, म्हणून बांगड्याही आपोआप लहान-मोठ्या निघत आणि मनगटापासून दंडापर्यंत बसत. जमिनीवर बसायचं, एका हाताने धनुष्याची दोरी ओढून सुळा फिरवायचा, दुसऱ्या हाताने हत्यार धरायचं आणि पायाने त्याला आधार द्यायचा. कसब मोठं होतं यात शंका नाही. एकोणिसाव्या शतकात यासाठीचा हस्तिदंत पूर्व आफ्रिकेतून, झांझिबारच्या बंदरातून, जहाजाने मुंबईत उतरत असे.

पण सुळ्याचा जवळजवळ तिसरा भाग हत्तीच्या कवटीत रुतलेला असतो. मुळाकडचा तो पोकळ भाग, म्हणजे बांगड्यांना सोयीचा भाग, जिवंत हत्तीकडून मिळत नाही.

आपल्या आचार्यांना हे ठाऊक होतं. श्रावकाने टाळायच्या पंधरा व्यवसायांत दंतवाणिज्य आहे. श्वेतांबर परंपरेत उपासकदशांग सूत्रात ही यादी येते, आणि दिगंबर परंपरेत तेराव्या शतकातल्या पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात ती दिली. हेमचंद्राचार्य तर हळेबीडचे खांब कातले जात होते त्याच शतकातले. योगशास्त्रात ते दंतवाणिज्याचा अर्थ सांगतात, तेव्हा दात, केस, नखं, हाडं, कातडं ही जिथे उत्पन्न होतात तिथे जाऊन व्यापारासाठी घेणं, असा सांगतात. यातला ‘जिथे उत्पन्न होतात तिथे’ हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. व्यापारी पैसे घेऊन रानाच्या तोंडाशी उभा राहिला, की शिकारी रानात शिरतोच. मारणारा हात वेगळा असला तरी मागणी आपली असते.

इथे एखादी विचारेल, मग दगड काय निर्दोष आहे? नाही. त्याच यादीत स्फोटकर्मही आहे, म्हणजे जमीन खणणं, दगड फोडणं. पृथ्वीकाय जीवांची हिंसा तिथेही आहेच. पण श्रावकाचं अणुव्रत पायरी ओळखायला शिकवतं. हत्ती पंचेंद्रिय त्रस जीव आहे. त्याची संकल्पी हिंसा गृहस्थालाही पूर्ण वर्ज्य आहे. स्थावर जीवांची हिंसा संसारात टळत नाही, म्हणून ती गरजेपुरती आणि जतनेने. मंदिराचा खांब हजार वर्षं उभा राहतो आणि कितीतरी पिढ्यांच्या दर्शनाला उपयोगी पडतो. चुडा एका हाताची हौस असतो. दोन्ही एकाच यंत्रावर झाले, म्हणून दोन्ही सारखे ठरत नाहीत.

मागच्या वर्षी ओळखीच्या मारवाडी घरातल्या एका काकूंनी मला विचारलं, “आजेसासूबाईंचा हस्तिदंती चुडा आहे घरात. नातीच्या लग्नात घालू का गं?” मी त्यांना आधी कायदा सांगितला. 1986 साली भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि 1991 साली आफ्रिकेतून आणलेल्या हस्तिदंताचाही. जुना चुडा विकता येत नाही. घरात ठेवायचा तर वनखात्याकडे त्याची नोंद असावी लागते. नोंद आहे की नाही माहीत नसेल, तर तिथे जाऊन विचारावं.

मग मी माझं मत सांगितलं. नोंद असली तरी तो नातीच्या हातात भरू नये. आजेसासूबाईंना दोष द्यायचं कारण नाही, त्यांच्या काळी तो सौभाग्याचा दागिना होता. पण मांडवात शंभर बायका तो बघतील, त्यातल्या चौघींना तसाच हवासा वाटेल, आणि मागणी अशीच सुरू होते. आज तसाच दिसणारा प्लॅस्टिकचा चुडा बाजारात मिळतो. रीत सांभाळायची असेल तर तो भरावा, आणि नातीने कोणी विचारलं तर अभिमानाने सांगावं की हा हस्तिदंत नाही.

काकू जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “नातीलाच सांगते हे सगळं. मी घालू नको म्हटलं तर रुसेल, पण हत्तीचं कळलं तर स्वतःच नाही घालणार.”