भाजणीचा डबा आणि कंपायलरचे फ्लॅग

आजचा विषय आहे प्रीकम्पाइल्ड हेडर. नाव रुक्ष वाटेल, पण सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीत होतो. सी प्लस प्लसमधला मोठा प्रोजेक्ट, पूर्ण बिल्डला चाळीस मिनिटं. टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलीने विचारलं, "सर, आपलं प्रीकम्पाइल्ड हेडर खरंच वापरलं जातंय का?" मी म्हणालो, "अगं, चालू आहे ते. प्रोजेक्टच मोठा आहे, वेळ लागणारच." विषय संपला. पुढे वर्षभर सगळी टीम चहा पीत बिल्डची वाट बघत राहिली. ती बरोबर होती, मी चुकलो होतो. कसा, ते कळायला पन्नास वर्षं मागे जाऊ.

बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची सी भाषा घडवत होते. १९७२-७३ च्या सुमारास तिच्यात प्रीप्रोसेसर आला. रिचींनीच लिहून ठेवलंय की त्यामागे अ‍ॅलन स्नायडर यांचा आग्रह होता, आणि बीसीपीएल व पीएल-वन या भाषांतली फाइल जोडायची सोय किती उपयोगी आहे हेही दिसत होतं. सुरुवातीला त्यात दोनच गोष्टी होत्या: हॅश इन्क्लूड आणि साधं, पॅरामीटर नसलेलं हॅश डिफाइन.

आता इन्क्लूड करतं काय? त्या फाइलमधला मजकूर उचलून तिथे ओततं, बस्स. छोट्या हेडरला हे ठीक होतं. पण पुढे सी प्लस प्लस आली, टेम्प्लेट्समुळे कितीतरी कोड हेडरमध्येच राहायला आला, आणि ऑपरेटिंग सिस्टिमची हेडरं फुगत गेली. शंभर फाइलींनी तेच हेडर घेतलं, तर कंपायलर तेच शंभर वेळा वाचणार.

मग उपाय निघाला: एकदाच वाचा, आणि वाचून कंपायलरच्या डोक्यात जे तयार झालं ते डिस्कवर ठेवून द्या. जुन्या मॅकवर थिंक सी वापरणाऱ्यांना 'मॅकहेडर्स' आठवत असेल, ते हेच. मायक्रोसॉफ्टच्या बाजूला १९९२ मध्ये एमएफसी आली, आणि तिच्याबरोबर रूढ झालेलं 'एसटीडी-एएफएक्स डॉट एच' हे नाव एका पिढीने प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत टाइप केलं. त्यातलं एएफएक्स म्हणजे अ‍ॅप्लिकेशन फ्रेमवर्कची खूण. व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ च्या नव्या प्रोजेक्टांत त्या जागी सरळ 'पीसीएच डॉट एच' दिसू लागलं. जीसीसीमध्ये ही सोय जानेवारी २००३ मध्ये दाखल झाली. ती अ‍ॅपलच्या जेफ्री कीटिंग यांनी रेड हॅटच्या पाठबळाने लिहिली होती. एप्रिल २००४ च्या ३.४ आवृत्तीतून ती सगळ्यांच्या हाती आली.

इथे खरी अडचण सुरू होते. हेडर म्हणजे नुसता मजकूर. त्याचा अर्थ फ्लॅगवर ठरतो. 'एनडीबग' हा मॅक्रो डिफाइन केला की असर्ट गायब होतात. प्रोसेसरचे पर्याय बदलले की टाइपची मापं बदलू शकतात. साधं हेडर दर वेळी नव्याने वाचलं जातं, म्हणून चालून जातं. प्रीकम्पाइल्ड हेडरमध्ये मात्र हे सगळे निर्णय आधीच होऊन गोठलेले असतात.

घरातलं उदाहरण बघा. थालीपिठाची भाजणी एकदा भाजून, दळून डब्यात भरली की काम झटपट होतं. पण आज एकादशी असेल तर? त्या डब्यात गहू-ज्वारी आहे, ती काढून टाकता येत नाही. उपवासाची भाजणी वेगळीच करावी लागते.

अशा वेळी दोन प्रकारची माणसं असतात. एक ओरडतं, "अहो, हा डबा उपवासाचा नाही!" मायक्रोसॉफ्टचा कंपायलर साधारण या स्वभावाचा. फ्लॅग जुळले नाहीत तर एरर किंवा वॉर्निंग देतो. दुसरं माणूस काही न बोलता डबा परत ठेवतं आणि राजगिरा भाजायला घेतं. हा जीसीसी. कंपायलर तोच हवा, भाषा तीच हवी, प्रोसेसरचे पर्याय जुळायला हवेत, मॅक्रो विसंगत नकोत. यातलं काही बिनसलं तर तो डॉट जीसीएच फाइल बाजूला ठेवून मूळ हेडर वाचतो. उत्तर बरोबरच येतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. जातो तो फक्त वेळ.

आमचं नेमकं हेच झालं होतं. वर्षभराने त्याच मुलीने एकदा कंपायलरला 'डॅश एच' हा पर्याय दिला. त्यात वापरण्याजोग्या प्रीकम्पाइल्ड हेडरपुढे उद्गारचिन्ह येतं, नाकारलेल्यापुढे 'एक्स'. मुख्य प्रोग्रामच्या एकूणएक फाइलीवर एक्स! हेडर तयार होत होतं शेअर्ड लायब्ररीच्या फ्लॅगने, म्हणजे पोझिशन-इंडिपेंडंट कोडसाठी. मुख्य प्रोग्रामला तो फ्लॅग नव्हता.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. जीसीसीला डॉट जीसीएच नावाची फाइल न देता त्याच नावाचं फोल्डर दिलं, तर आतल्या प्रती तो एकेक करून तपासतो आणि जुळेल ती घेतो. आम्ही दोन प्रती ठेवल्या. शिवाय 'डब्ल्यू-इनव्हॅलिड-पीसीएच' ही वॉर्निंग चालू केली, म्हणजे पुन्हा कधी गुपचूप नाकारलं तर बोंब होईल. बिल्डचा वेळ निम्म्याहून खाली आला.

सी प्लस प्लस २० मध्ये मॉड्यूल आले, त्यांनी इन्क्लूडची ही जुनी खोड मोडायला घेतली आहे. पण मॉड्यूल कम्पाइल करून ठेवलेल्या फाइलीलाही कंपायलर आणि फ्लॅग जुळावेच लागतात. आधी करून ठेवलेलं काम कोणत्या अटींवर केलं होतं, हे विसरून चालत नाही.

आणि हो, मी त्या मुलीची माफी मागितली. ती हसून म्हणाली, "सर, तेव्हाच बघितलं असतं तर चहाचं बिल वाचलं असतं." तुमच्या बिल्डमध्ये किती एक्स आहेत, ते आज एकदा बघाच. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!